डबीतलं ब्रेक ऑइल उतरतंय, पण जमिनीवर थेंब नाही

आठ-दहा दिवसांनी बॉनेट उघडावं, ब्रेक ऑइलची डबी बोटभर उतरलेली दिसावी, वरून थोडं ओतावं आणि झाकण लावून निघावं. जुना ट्रक बाळगणाऱ्या बऱ्याच जणांच्या हे अंगवळणी पडलेलं असतं. खाली वाकून पाहिलं तर जमीन कोरडी, चाकं कोरडी. मग ‘जुनी गाडी आहे, पिते थोडं’ म्हणायचं आणि विषय सोडून द्यायचा. इंजिन ऑइलच्या बाबतीत हे एक वेळ चालेल, कारण ते खरंच इंजिनात जळतं. ब्रेकची लाइन मात्र बंद असते. तिच्यातल्या ऑइलला पाय फुटत नाहीत. डबी वारंवार उतरतेय आणि जमीन कोरडी आहे, म्हणजे गाडीतल्याच कुठल्या तरी भागाने ते ऑइल झेललंय.

नवखा माणूस इथेच अडकतो. तो ‘कुठून गळतंय’ म्हणत एकेक सांधा चाचपत बसतो. मी आधी ‘कोण झेलतंय’ ते बघतो, कारण झेलू शकतील अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत: मास्टर सिलिंडरमागचा (पॅडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या सिलिंडरमागचा) बूस्टर, म्हणजे पायाच्या जोरात भर घालणारा डबा, मागच्या चाकांचे ड्रम, केबिनमधली चटई, क्लचचं घर आणि चासीची खोबण. पुढचा सगळा क्रम त्याच हिशोबाने लावलाय.

हे सगळं पॅडल दाबल्यावर ऑइलच्या दाबाने ब्रेक लागणाऱ्या गाड्यांसाठी आहे, म्हणजे पिकअप, टेम्पो, छोटे आणि मध्यम ट्रक. पूर्णपणे हवेवर ब्रेक लागणाऱ्या मोठ्या ट्रकचं गणित वेगळं. काही मधल्या वजनाच्या ट्रकना हवेची मदत घेऊन ऑइल ढकलणारा बूस्टर असतो. तिथे ऑइल हवेच्या बाजूला शिरू शकतं, आणि ते काम अनुभवी मिस्त्रीकडेच द्यावं.

आधी गाडी उभी करा

डबी उतरतेय हे कळल्यावर ‘आजची खेप मारून येतो, उद्या बघू’ असं करू नका. जोरात ब्रेक दाबल्यावर लाइनमधला दाब ७० ते १०० बारच्या घरात जातो. रोजच्या हलक्या दाबात थेंबभर पाझरणारी जागा नेमकी त्याच वेळी फाटते, आणि जोरात ब्रेक आपण मारतो ते समोर काहीतरी आडवं आल्यावरच.

गाडी सपाट, टणक जमिनीवर लावा. जे चाक उचलायचं नाही त्याच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे द्या. जॅकने उचलल्यावर चासी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही, दोन मिनिटांचं काम असलं तरी. मागची चाकं उचलणार असाल तर हँडब्रेक बहुतेक मागच्याच चाकांवर असतो, हे ध्यानात ठेवून पुढच्या चाकांना ठोकळे जास्त नीट लावा.

हातमोजे आणि चष्मा घाला. ब्रेक ऑइल डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने बराच वेळ धुवायचं आणि डॉक्टर गाठायचा. गाडीच्या रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता, नाहीतर रंग फुगून सुटतो. तापलेल्या सायलेन्सर पाइपवर ते पडलं तर पेटूही शकतं, म्हणून इंजिन थंड झाल्यावरच हात घाला.

खरंच गळतंय का?

डबी उतरण्याचं एक कारण निर्दोष असतं. डिस्क ब्रेकचे पॅड जसजसे झिजतात तसतसा कॅलिपरमधला (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातला) पिस्टन पुढे सरकतो आणि त्याच्या मागे झालेल्या जागेत ऑइल भरतं. ५० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन १ सेंटिमीटर बाहेर आला, तर एका कॅलिपरमध्ये साधारण २० मिलिलिटर ऑइल जास्त मावतं. दोन चाकांचं मिळून ४०. एवढ्याने छोट्या डबीतली पातळी डोळ्याला दिसण्याइतकी उतरते. पण हे व्हायला काही महिने लागतात. ड्रम ब्रेकमध्ये अ‍ॅडजस्टर (लायनर ड्रमच्या जवळ ठेवणारा भाग) नीट चालत असेल तर लायनरच्या (ड्रमला घासणाऱ्या पट्ट्यांच्या) झिजेचा डबीवर जवळजवळ परिणामच होत नाही. म्हणून आधी पुढच्या पॅडची जाडी बघा. पॅड संपत आले असतील आणि डबी सावकाश उतरली असेल, तर पॅड बदला. नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच ऑइल डबीत परत येतं. मधल्या काळात वरून ओतलं असेल तर डबी उतू जाईल, तेव्हा आधी थोडं काढून ठेवा.

नक्की करायचा साधा उपाय म्हणजे चिकटपट्टी. डबीवर उभी पट्टी लावायची, पातळीशी पेनाने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. दर वेळी गाडी त्याच जागी, त्याच तोंडाने, थंड असताना बघायचं. उतारावर उभ्या गाडीची पातळी सपाटीवरच्या पातळीशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. आठवड्यात दुसरी रेघ मारण्याइतका फरक पडला तर ती झीज नव्हे.

डबी आतून दोन कप्प्यांची असेल तर कुठला कप्पा उतरतोय तेही टिपा. ट्रकमध्ये बहुतेक एक कप्पा पुढच्या चाकांना आणि दुसरा मागच्या चाकांना ऑइल देतो, त्यामुळे एका नजरेत अर्धी गाडी वगळता येते. कुठला कप्पा कुणाचा हे अंदाजाने ठरवू नका, मास्टर सिलिंडरपासून निघालेल्या पाइपवर बोट फिरवत चाकापर्यंत जा. मधला पडदा अर्ध्याच उंचीचा असेल तर पातळी पडद्याखाली येईपर्यंत दोन्ही कप्पे बरोबरच उतरतात. एकाच कप्प्याचा, एकाच लाइनचा फार जुना मास्टर सिलिंडर असेल तर तिथे दुसरी लाइन सांभाळून घेईल ही आशाच नाही. कुठेही फुटलं की चारही चाकं गेली. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत हलवूच नका.

पॅडल काय सांगतं

इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे बूस्टरमधली ओढ (व्हॅक्युम) संपेल. मग मध्यम जोराने दाबून पाय तसाच ठेवा आणि इंजिन चालू करा. पॅडल किंचित खाली जाऊन थांबलं तर बूस्टर काम करतोय. आता पाय न हलवता मिनिटभर दाब तसाच ठेवा. पॅडल थांबून राहिलं तर ठीक. हळूहळू खाली बसत गेलं तर दोन शक्यता. डबीची पातळी तीच आहे आणि तरी पॅडल बसतंय, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या आतले रबरी कप गेलेत आणि ऑइल पुढे न जाता आतल्या आत मागे येतंय. ते दुखणं गंभीरच, पण ती बाहेरची गळती नव्हे. पॅडलही बसतंय आणि डबीही उतरतेय, तर गळती मोठी आहे.

पॅडल स्पंजसारखं लागलं तर लाइनमध्ये हवा शिरलीय. गळक्या जागेतून किंवा डबी रिकामी होऊन ती आली असेल. नुसती हवा काढून गाडी सोडून दिली तर चार दिवसांनी पुन्हा तेच.

लपलेल्या गळतीत मात्र पॅडल अगदी ठणठणीत लागतं. ‘ब्रेक चांगला लागतोय, मग काय बिघडलं?’ या समाधानावर कित्येक गाड्या महिनोन्महिने चालतात.

ओल कसली आहे ते ओळखा

जुन्या गाडीखाली सगळंच ओशट असतं. कुठला डाग कशाचा हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवीन ब्रेक ऑइल फिकट पिवळसर असतं, जुनं होत होत चहासारखं आणि मग काळपट होतं. बोटांत चोळलं तर पातळ आणि निसटतं लागतं. गिअर ऑइल दाट आणि उग्र वासाचं असतं. पण मळलेल्या थेंबावर नुसत्या वासाने निकाल देऊ नये.

खात्रीची परीक्षा पाण्याची. बशीत पाणी घ्या आणि काडीने डागातला थेंब त्यात सोडा. नेहमीचं, म्हणजे ग्लायकॉलवर बनवलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, ग्रीस यांचा तवंग वर तरंगतो. हे दोन मिनिटांचं काम मागच्या चाकाशी फार उपयोगी पडतं, कारण तिथे अ‍ॅक्सलचं सील गेलं तरी ड्रम आतून तसाच ओला होतो. ही परीक्षा न केल्यामुळे चांगले व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर ढकलणारे छोटे सिलिंडर) काढून फेकलेले आणि गळकं सील तसंच ठेवलेलं मी पाहिलंय. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय!

धुवा, वाळवा, पावडर मारा

मळलेल्या गाडीवर गळती शोधता येत नाही. मास्टर सिलिंडर, त्याचे सांधे, पाइप, होज (रबरी नळ्या), चाकांमागच्या पत्र्याचा खालचा काठ, हे सगळं ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, डिझेल, रॉकेल ब्रेकच्या रबराजवळ आणू नका, त्याने रबर फुगतं. क्लीनर वापरताना हवा खेळती ठेवा आणि जवळपास वेल्डिंगचं काम काढू नका.

वाळल्यावर संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर फुंकून पातळ थर बसवा. कोरड्या जागी ती पांढरी राहते, ओल फुटली की तिथे राखाडी ठिपका उमटतो आणि ठिपक्यातून खाली रेघ उतरते. त्या रेघेचं वरचं टोक धरायचं. ऑइल पाइपच्या अंगाने वाहत जाऊन शेवटी सगळ्यात खालच्या वाकावरून थेंब सोडतं, त्यामुळे थेंब पडला ती जागा बहुधा निरपराध असते. गाडी चालती असताना वारा तेच ऑइल मागे लोटतो. म्हणून ओल जिथे दिसली तिथून वर आणि पुढच्या दिशेने जात राहायचं.

चमकणारा रंग घालून निळ्या-जांभळ्या दिव्यात बघण्याची युक्तीही लोक सुचवतात. पण इंजिन ऑइलसाठी किंवा एसीसाठी मिळणारा रंग ब्रेकमध्ये घातला तर रबराची वाट लागू शकते. नवख्या माणसाने पावडरीवर भागवावं.

आता दोन वेगवेगळ्या परीक्षा. पहिली दाबाची: पॅडल जोरात दाबून लाकडाच्या फळीने सीटला टेकवून अडकवा, दहा मिनिटं तसंच ठेवा आणि टॉर्च घेऊन फिरा. दुसरी विश्रांतीची: गाडीखाली मोठे पुठ्ठे पसरा, चाकांच्या जागा पेनाने खुणवा आणि गाडीला हात न लावता रात्रभर ठेवा. दुसरी परीक्षा बरेच जण गाळतात आणि तिथेच फसतात. सिलिंडरमधल्या रबरी कपाची कड दाब वाढला की भिंतीवर घट्ट बसते. दाब नसताना तीच कड सैल पडते. त्यामुळे काही गळत्या ब्रेक दाबलेला असताना सापडतच नाहीत, गाडी झोपली की जाग्या होतात.

बूस्टरचं पोट

मास्टर सिलिंडर ज्या मोठ्या काळ्या डब्यावर बसवलेला असतो तो बूस्टर. मास्टर सिलिंडरच्या मागच्या टोकाचं सील गेलं की ऑइल थेट त्या डब्यात उतरतं. अर्धा लिटर तरी त्यात सहज मावतं आणि बाहेर टिपूसही येत नाही. वर इंजिनची ओढ असते ती आणखी खेचून घेते. पेट्रोल इंजिनात ते जळून सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. डिझेल इंजिनाला बहुधा वेगळा व्हॅक्युम पंप असतो, त्यातून ऑइल इंजिनात जातं, म्हणून धुराची वाट बघत बसू नका.

बाहेरून मिळणारी एकच खूण मला भरवशाची वाटते. मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला टेकतो, त्याच्या बरोबर खाली बूस्टरचा रंग बघा. तिथे जिभेच्या आकाराची पट्टी फुगलेली किंवा पापुद्रे सुटून पत्रा उघडा पडलेला दिसला, तर नव्वद टक्के काम झालं म्हणायचं. टॉर्च वरून मारू नका, खालून तिरपी धरा. वरून ती पट्टी सिलिंडरच्या सावलीत लपते.

खात्री करायची तर इंजिन बंद ठेवून पॅडल पाच-सहा वेळा दाबा आणि मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे नट काढा, बहुतेक गाड्यांत ते दोन असतात. पाइप न सोडता सिलिंडर अलगद दोन-तीन सेंटिमीटर पुढे ओढता येतो. पाइपला मुडप पडू देऊ नका. जास्त ओढावं लागतंय असं वाटलं तर थांबा आणि पाइप रीतसर सोडा. आता सिलिंडरच्या मागच्या तोंडावर बोट फिरवा. नंतर वाकवलेल्या तारेला पांढरी चिंधी घट्ट बांधून ती बूस्टरच्या तळाशी फिरवून बाहेर काढा. चिंधी कोरडी निघाली तर बूस्टर यादीतून बाद. ओली निघाली तर मास्टर सिलिंडर बदलायचा किंवा त्याला नव्या रबरांचं किट टाकायचं. आतली भिंत गंजलेली, खड्डे पडलेली असेल तर किटचा उपयोग नाही, नवं रबर काही दिवसांत पुन्हा कापलं जातं. बूस्टरमध्ये साचलेलं ऑइल काढून टाका. आतला पडदा ऑइलने कुजला असेल, म्हणजे पॅडल कडक झालं असेल किंवा दाबल्यावर फुसफुस ऐकू येत असेल, तर बूस्टरही बदलावा लागतो. परत बसवताना मधली रबरी रिंग विसरू नका.

मागचे ड्रम

माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त वेळा चोर इथेच सापडलाय. व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांना रबरी टोप्या असतात. आतला कप पाझरायला लागला की ऑइल आधी टोपीत साठतं, टोपी भरली की लायनरच्या भुकटीत मुरतं. भुकटी आणि ऑइल मिळून काळा चिखल होतो आणि तो ड्रमच्या आत थापून बसतो. एवढी भुकटी ऑइल शोषत असताना खाली थेंब कशाला पडेल? थेंब दिसतो तेव्हा आतलं सगळं तुडुंब झालेलं असतं.

ड्रम काढण्याआधी टायरची आतली बाजू बघा. रिमपासून बाहेरच्या दिशेने फेकल्यासारख्या काळ्या रेघा दिसल्या, किंवा मागच्या पत्र्याच्या सगळ्यात खालच्या काठावर ओलसर माती चिकटलेली दिसली, तर हीच जागा. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा हँडब्रेक अचानक ढिला वाटत असेल तर संशय आणखी पक्का.

ड्रम निघत नसेल तर हातोडा उगारू नका, आधी अ‍ॅडजस्टर मागे घ्या आणि हँडब्रेक सोडलाय ना ते बघा. आत दिसणारी भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुप्फुसात गेलं की राहतंच. मास्क लावा, पाणी किंवा क्लीनर मारून भुकटी भिजवा आणि ओल्या फडक्याने पुसून घ्या.

आता बोथट स्क्रू ड्रायव्हरने रबरी टोपीची कड जरा उचला. आत नुसता ओलसरपणा असेल तर घाबरू नका, पिस्टनबरोबर तेवढी ओल येते. कड उचलताच ऑइल ओघळलं तर सिलिंडर गेला. टोपी उचलून न बघता ‘बाहेरून कोरडा आहे’ म्हणून ड्रम परत बसवणारे खूप आहेत.

ऑइल प्यायलेले लायनर धुऊन, भाजून, घासून परत वापरायचे नाहीत. वरून कोरडे दिसतात, तापले की आतलं ऑइल पुन्हा वर येतं. दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला, नाहीतर गाडी एकीकडे ओढत राहील. व्हील सिलिंडरही जोडीने बदललेले बरे. एका वयाचे असतात, एक गेला की दुसरा फार दिवस काढत नाही.

पायाखालची चटई

एकदा माझ्याच पिकअपचे मागचे दोन्ही व्हील सिलिंडर बदलले, लायनर बदलले, हवा काढली, आणि पंधरा दिवसांनी डबी पुन्हा उतरली. चाकं कोरडी, बूस्टर कोरडा. त्या दिवसांत क्लच दाबताना बूट सटकतो एवढं मात्र जाणवायचं, तळव्याला चिखल असेल म्हणून सोडून दिलं होतं. शेवटी चटई उचलली तर खालचा फोम ओलाकच्च, आणि क्लच पॅडलच्या दांड्यावरून एक बारीक ओघळ खाली आलेला. क्लचला ब्रेकच्याच डबीतून ऑइल जात होतं, हे मला बघायला हवं होतं.

तुम्ही आधी बघा. डबीच्या कुशीतून एखादी बारीक रबरी नळी वेगळीच निघून क्लचच्या मास्टर सिलिंडरकडे जाते का? जात असेल तर क्लचही संशयितांत घ्या. बऱ्याच गाड्यांत ही नळी डबीला मुद्दाम वरच्या उंचीवर जोडलेली असते, म्हणजे क्लच गळला तरी ब्रेकपुरतं ऑइल खाली शिल्लक राहावं. त्यामुळे डबी ठरावीक उंचीपर्यंत उतरून तिथेच थांबत असेल, तर आधी क्लचकडेच वळा. केबिनमध्ये पॅडलचा दांडा जिथे पत्र्यातून आत येतो तिथे बोट लावा. मग खाली जाऊन क्लचचा छोटा सिलिंडर बघा, त्याची रबरी टोपी उचला. हा सिलिंडर काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या घराच्या आतच असतो. तिथे घराच्या तळाच्या भोकातून येणारा थेंब पाण्याच्या बशीत सोडून बघा, इंजिन ऑइल की ब्रेक ऑइल ते कळेल.

चासीच्या खोबणीतले पाइप

मागे जाणारा लोखंडी पाइप चासीच्या खोबणीतून धावतो. तिथे वर्षानुवर्षांची माती साचते, माती ओल धरते आणि पाइप गंजतो. सगळ्यात आधी तो क्लिपांखाली गंजतो, जिथे नजर पोचत नाही. इंधनाच्या टाकीच्या वर आणि मागच्या अ‍ॅक्सलवरच्या पट्ट्यांखाली हीच गत. सुईच्या टोकाएवढं भोक पडलं की ऑइल दाबाखाली तुषार होऊन उडतं, धुळीवर बसतं, ओघळत नाही. म्हणून इथे थेंबाऐवजी रंग बघायचा. गंजक्या, मळक्या चासीवर एखादा चट्टा धुतल्यासारखा स्वच्छ किंवा रंग सोललेला दिसला की समोरचा पाइप तपासा.

क्लिपा एकेक करून सोडा आणि पाइपवर नख फिरवा. निरोगी पाइपवर नख सरळ घसरतं, गंजलेल्यावर अडखळतं. खपली आलेली जागा तारेच्या ब्रशने हलकेच साफ करा. तेवढ्याने पाइप फुटला तर वाईट वाटून घेऊ नका, उभ्या गाडीत फुटला हे चांगलंच झालं.

पाइप बदलताना ब्रेकसाठीच बनवलेली नळी घ्या आणि तोंडं त्याच्या खास हत्याराने दुहेरी फुलवून घ्या. फुलवण्याचा आकार जुन्या सांध्यासारखाच हवा. मधला तुकडा कापून पाणी-गॅसच्या कामाचा दाबाचा जोड टाकणं, सोल्डर लावणं, वरून सील टेप गुंडाळणं, हे सगळं इथे वर्ज्य. नट सोडायला साधा उघड्या तोंडाचा पाना लावलात तर कोपरे गोल होतील. ब्रेक पाइपसाठी येणारा, नटला जवळजवळ पूर्ण कवेत घेणारा पाना वापरा आणि आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. स्प्रे रबरी होजवर जाऊ देऊ नका.

बाकीच्या किरकोळ जागा

पुढच्या चाकांचे होज वाकवून बघा, विशेषतः टोकाच्या लोखंडी टोपीजवळ चिरा आहेत का ते. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून मदतनीसाला पॅडल दाबायला सांगा, होज फुगता कामा नये. कॅलिपरच्या पिस्टनभोवतीची रबरी टोपी उचलून बघा. होजच्या बोल्टखालचे तांब्याचे वॉशर दोन्ही बाजूंना हवेत आणि काढल्यावर नवेच टाकावेत. हवा काढायच्या निपलची रबरी टोपी काढा, आत ऑइल साचलेलं असेल तर निपल नीट बसत नाहीये. डबी मास्टर सिलिंडरवर जिथे दाबून बसवलेली असते तिथली रबरं कडक झाली की पाझरतात. मागच्या बाजूला, भार पाहून ब्रेकचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या टोपीखाली बघा. आणि जुन्या गाडीत ब्रेक लाइटचा स्विच ऑइलच्या दाबावर चालणारा असेल तर त्याचा वायरचा सॉकेट काढून बघाच. स्विच आतून फुटला की ऑइल वायरच्या आवरणातून चढत जातं आणि भलत्याच ठिकाणी बाहेर येतं.

तरीही सापडत नसेल तर लाइन तोडून बघायची. मास्टर सिलिंडरची सगळी तोंडं योग्य आट्यांच्या बुचांनी बंद करा आणि पॅडल दाबून धरा. पॅडल दगडासारखं घट्ट राहिलं तर मास्टर सिलिंडर चांगला. मग एक बूच काढून तिथली लाइन जोडा, पुन्हा दाबून धरा. जी लाइन जोडल्यावर पॅडल बसायला लागेल, चोर तिच्यात. सावकाश पाझरणाऱ्या गळतीत हा फरक मिनिटात कळत नाही, तेव्हा ती लाइन बंद ठेवून रात्रभर डबीवरची रेघ बघा. होज चिमट्याने दाबून वाट अडवण्याचीही पद्धत आहे, पण त्यासाठी गोल जबड्याचा खास चिमटा लागतो. कडक झालेल्या जुन्या होजवर तोही लावू नका, आतली नळी चिरडते. या परीक्षा गाडी उभी असतानाच करायच्या, बूच किंवा चिमटा असलेली गाडी चाकभरही पुढे न्यायची नाही.

सापडल्यानंतर

डबीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल वापरा, आणि सीलबंद बाटलीतलं. हे ऑइल हवेतली ओल ओढतं आणि ओल शिरली की उकळायला सोपं जातं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं, ओल धरलेलं १४० च्या आसपास. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते या दोन्हींत मिसळायचं नाही. आकडा मोठा म्हणजे माल चांगला असं इथे नसतं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकून जरी डबीत पडलं तरी सगळी रबरं फुगतात, तेव्हा ओतण्याआधी बाटली दोनदा वाचा.

हवा काढताना साधारणपणे मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा क्रम दिला असेल तर तोच पाळा. एक काळजी जुन्या गाडीत जरूर घ्या: पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे ते जमिनीला टेकणार नाही. मास्टर सिलिंडरचा कप वर्षानुवर्षं ठरावीक अंतरातच फिरलेला असतो. पुढचा भाग गंजलेला असतो. पॅडल तळापर्यंत दाबलं की कप त्या गंजावरून जातो आणि कालपर्यंत चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज गळायला लागतो.

सगळं जोडून झालं की पुन्हा धुवा, वाळवा, पावडर मारा, दाबाची परीक्षा घ्या आणि रात्रभर पुठ्ठा घाला. मग मोकळ्या जागेत अगदी सावकाश गाडी फिरवून ब्रेक बघा. डबीवर नवी पट्टी, नवी रेघ, नवी तारीख. निदान पंधरा दिवस रोज सकाळी गाडी काढण्याआधी तिकडे नजर टाका. बूस्टरवरचा रंग सुटलेला असेल तर तो घासून, पुसून पुन्हा फिकट रंग मारून ठेवा. मास्टर सिलिंडर परत कधी पाझरला तर पहिला डाग तिथेच उठेल.